बालगंधर्वांच्या गळ्यातला अभंग

आपल्या शहापूर-मुरबाडकडं एकादशीच्या भजनात पेटीवाल्यानं नवी चाल काढली की कोणी म्हणतं ही नाटकातली, कोणी म्हणतं ही सिनेमातली. बाहेरची चाल देवाला चालते का, हा वाद जुना आहे. त्यासाठी माऊलींनो, बालगंधर्वांचं चरित्र ऐकावं.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचं नाव. जन्म २६ जून १८८८. लहानपणी गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं, अशी ख्याती. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि बाईचं काम करू लागले.

त्या नाटकाचं मूळ बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल केलं, तेव्हा कीर्तनात म्हणतात त्याच साक्या, दिंड्या नाटकात घेतल्या. म्हंजे बी आपल्याच शेतातलं. त्याला गुरू भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाचं खत घातलं. बुवा स्वतः मुसलमान उस्तादांकडं शिकलेले. १९११ च्या मानापमानात गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्यात पुढं तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. इतकं घेऊनही गळ्यात शब्द दबला नाही. तान कितीही फिरली तरी अक्षर कळायचं आणि सम चुकायची नाही.

मग १९३१ साली कान्होपात्रा नाटक आलं. मंगळवेढ्याची ही संत बादशहाच्या भीतीनं पांडुरंगाच्या पायी आली. देवळातलं तिचं तरटीचं झाड वारकऱ्याला ठावं आहे. बालगंधर्व कान्होपात्रा झाले आणि अभंग गायले. चाली मास्तर कृष्णरावांच्या, तेही भास्करबुवांचेच शिष्य. कीर्तनातून नाटकानं नेलेलं असं व्याजासकट पंढरीला परत आलं. १९३५ च्या धर्मात्मा बोलपटात तर ते एकनाथ महाराज झाले.

पुढं बोलपटांनी नाटकं बसवली, कर्ज झालं, पाय गेले. तरी बसून भजन गायले. १५ जुलै १९६७ ला पुण्यात देह ठेवला.

म्हणून दिंडीतल्या पोरांनो, चाल कुठूनही आणा. फक्त एवढं बघा, संताचा शब्द मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळला का. कळला तर चाल आपली झाली. नाही कळला, तर आजोबांची चालसुद्धा परकीच.

राम कृष्ण हरी.