टाकळीच्या गोगलगाई आणि काळ्या खडकाचे वय

नाशिकची पांडवलेणी ज्या काळ्या खडकात कोरली आहेत, तो थिजलेला लाव्हा आहे. ब्रह्मगिरीपासून नागपूरच्या सीताबर्डी टेकडीपर्यंत पसरलेल्या या बेसाल्टच्या थरांना दख्खन ट्रॅप म्हणतात. खुद्द लाव्हाच्या खडकात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. मग त्याचे वय ठरवायचे कसे? किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय मोजण्याची पद्धत येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, हे उत्तर शंख-शिंपल्यांत शोधले गेले. त्या शोधातले एक मोठे नाव म्हणजे स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा सुरू केली. शिकवण्यातून उरलेल्या वेळात ते दगड, वनस्पती आणि गोंड समाजाची भाषा व चालीरीती यांचा अभ्यास करत. भूविज्ञान हा त्यांचा पेशा नव्हता, पण नजर मात्र पक्क्या अभ्यासकाची होती.

१८५१ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात जीवाश्म सापडले. लाव्हाचे उद्रेक अधूनमधून थांबत. त्या काळात खोलगट जागी पाणी साचून तळी होत, त्यांत गोगलगाई आणि शिंपले वाढत, मेले की गाळात रुतत. पुढचा लाव्हा आला की सारे झाकले जाई. गाळाच्या या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. पश्चिमेकडच्या जाड ट्रॅपमध्ये असे जीवाश्म विरळ आहेत; नागपूर भागात मात्र विपुल.

शंख सापडला की काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. शंखाला किती वेढे आहेत, वेढ्यांमधली खाच किती खोल आहे, तोंड गोल की लांबट, पृष्ठभाग गुळगुळीत की कंगोरेदार, उंची आणि रुंदी किती, हे सारे टिपायचे. मग आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहायचे. कशाशीच जुळले नाही, तरच नवे नाव. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात असा मोठा निबंध प्रसिद्ध केला. नव्या जातींची वर्णने त्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे लॅटिनमध्ये लिहिली. एका गोगलगायीला टाकळीवरून ‘पॅलुडिना टाकलिएन्सिस’ हे नाव मिळाले, तर एका शिंपल्याला हंटर यांच्यावरून ‘युनिओ हंटेरी’.

याच निबंधात आंध्रातील राजमहेंद्रीच्या जीवाश्मांचेही वर्णन होते. तिथले चित्र वेगळे होते. नागपूरची ‘फायसा’ ही गोड्या पाण्यातली गोगलगाय. तिच्या शंखाचे तोंड डाव्या बाजूला उघडते. राजमहेंद्रीत मात्र स्क्रूसारखी उंच, निमुळती ‘टरिटेला’ होती, आणि ती समुद्रात राहते. तिच्या एका नव्या जातीला हिस्लॉप यांनी ‘टरिटेला प्रेलाँगा’ म्हणजे अतिलांब असे नाव दिले. नागपूरला तळी आणि राजमहेंद्रीला समुद्राचा किनारा, असा प्राचीन भूगोल या शंखांनी सांगितला.

या थरांचे वय मात्र हिस्लॉप यांनी सरसकट तृतीयक कालखंडाच्या आरंभीचे, म्हणजे डायनासोर नष्ट झाल्यानंतरचे मानले. ते पुरते बरोबर ठरले नाही. नागपूर परिसरातले अनेक थर डायनासोर युगाच्या अखेरचे आहेत, हे पुढे दिसून आले. राजमहेंद्रीच्या थरांत सूक्ष्म सागरी जीवांचे जीवाश्म मिळाले आणि ते थर त्या युगाच्या लगेच नंतरचे ठरले. म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, डायनासोरच्या अंताची सीमारेषा या लाव्हांच्या थरांमधूनच जाते. लाव्हाच्या उद्रेकांचा त्या संहारात किती वाटा होता, हा वाद आजही चालू आहे आणि त्यात शंखांच्या अचूक ओळखीला महत्त्व आहे.

हा निकाल पाहायला हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांच्या पाहणीसाठी गेले असताना, पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. गोंड समाजाविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये त्यांच्या नावाने उभे राहिले. ‘हिस्लोपिया’ हा गोड्या पाण्यातला सूक्ष्म वसाहती जीवही त्यांच्याच नावाचा.

त्यांनी दिलेल्या काही जाती आता वेगळ्या प्रजातींत ठेवल्या जातात. २००८ मध्ये संशोधकांनी त्यांची लॅटिन वर्णने पुन्हा बारकाईने तपासली. दीडशे वर्षांनी ती तपासता आली, कारण वेढे, खाच, तोंड आणि मापे त्यांनी जशी दिसली तशी नोंदवून ठेवली होती. काळाचा अंदाज पुढच्यांना दुरुस्त करता आला, तोही याच नोंदींच्या आधारावर उभे राहून.