निरीक्षक ईश्वरचंद्र

ईश्वरचंद्र विद्यासागर मराठी वाचकांना परिचित आहेत ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून. त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणला होता. शाळाखात्याचे अधिकारी या नात्याने त्यांनी केलेल्या कार्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

मेदिनीपूरकडील वीरसिंह या खेड्यात १८२० साली, एका निर्धन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्या कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात ते १८२९ मध्ये विद्यार्थी म्हणून आले, त्याचेच ते १८५१ च्या जानेवारीत प्राचार्य झाले. तत्पूर्वी याच कॉलेजात साहाय्यक चिटणीस असताना सुधारणांच्या प्रश्नावर वरिष्ठांशी न पटल्यामुळे त्यांनी राजीनामा दिलेला होता. आता अधिकार हाती येताच त्यांनी आरंभ केला तो लहानसहान गोष्टींपासून. प्रतिपदा व अष्टमीची सुटी जाऊन रविवारची आली. वेळेवर येण्याचे बंधन घातले गेले. फी सुरू झाली. ब्राह्मण-वैद्यांपुरते असलेले प्रवेशद्वार प्रथम कायस्थांना आणि १८५४ मध्ये इतर प्रतिष्ठित हिंदूंना खुले झाले. प्रतिष्ठित या शब्दाची मर्यादा त्यांनीही पाळली, हे नमूद करणे प्राप्त आहे: सुवर्णवणिकांच्या प्रवेशास १८५५ मध्ये त्यांनी अनुकूलता दर्शविली नाही.

त्याच वर्षी प्राचार्यपद सांभाळून नदिया, हुगळी, वर्धमान व मेदिनीपूर या चार जिल्ह्यांच्या शाळांचे निरीक्षकपद त्यांच्याकडे आले. प्रत्येक जिल्ह्यात पाच याप्रमाणे वीस आदर्श शाळा त्यांनी उभ्या केल्या. शिक्षकांवाचून शाळा म्हणजे रित्या भिंती, हे जाणून कलकत्त्यात नॉर्मल स्कूल काढले आणि त्याचे मुख्याध्यापकपद अक्षयकुमार दत्तांना दिले. मुलांच्या हाती त्याच वर्षी ‘वर्णपरिचय’ आला.

पेच उद्भवला तो मुलींच्या शाळांवरून. नायब गव्हर्नर हॅलिडे यांची तोंडी संमती पुरेशी मानून नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या अवधीत ईश्वरचंद्रांनी पस्तीस कन्याशाळा उघडल्या. सुमारे तेराशे मुली त्यांत दाखल झाल्या. एका खेड्यातील मुलगी शाळेत येते ती गावाने शब्द दिल्यावर, आणि गाव शब्द देते ते माणूस पाहून. सरकारी दप्तराची रीत निराळी होती. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी आवळली गेली होती, लेखी मंजुरी नव्हती, आणि शिक्षकांचे पगार थकले. शिक्षणखात्याचे संचालक गॉर्डन यंग यांच्याशी त्यांचे आधीपासूनच जमत नव्हते. थकलेली सुमारे ३,४०० रुपयांची रक्कम सरकारने अखेरीस चुकती केली, परंतु शाळांचा कायमचा भार स्वीकारला नाही. तोवर दरमहा पाचशे रुपयांची नोकरी सोडून ईश्वरचंद्र नोव्हेंबर १८५८ मध्ये मोकळे झाले होते. हॅलिडेंना आपला शब्द का राखता आला नाही, याची कारणे समजण्यासारखी आहेत. खेड्यांतील शिक्षकांना ती समजावून सांगण्याचे काम मात्र ईश्वरचंद्रांच्या वाट्यास आले.

त्या शाळांपैकी काही त्यांनी पुढे वर्गणी जमवून चालविल्या. कलकत्त्यातील मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशन हे त्यांच्या उत्तरायुष्याचे मुख्य कार्य ठरले. १८७२ मध्ये तेथे कॉलेजचे वर्ग सुरू झाले. ती संस्था भारतीय अध्यापकांनीच चालविली. २९ जुलै १८९१ रोजी ते निवर्तले. ते कॉलेज आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.