दादासाहेब फाळके आणि व्हिडिओतली 'फ्रेम'



मोबाईलवर व्हिडिओ काढताना फ्रेम, एफपीएस, टाइम-लॅप्स हे शब्द मुलं सर्रास वापरतात. अर्थ विचारला की मात्र गप्प! हे शब्द समजावून सांगायला दादासाहेब फाळके यांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला व फोटोग्राफी शिकले. पुढे छापखाना काढला, पण तोही सोडावा लागला. चाळिशी आली, हाती धंदा नाही. अशातच त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले देवही असेच पडद्यावर आणायचे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सतत सिनेमे पाहून आणि जागरणं करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे तंत्र शिकून घेतलं आणि कॅमेरा विकत घेतला.

आता सिनेमाला पैसा कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलवता ठराविक अंतराने एकेक चित्र घेतलं. असं एक सुटं चित्र म्हणजेच 'फ्रेम'. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता दिसली. आज आपण यालाच 'टाइम-लॅप्स' म्हणतो. ही छोटी फिल्म पाहून भांडवल देणारा माणूस तयार झाला.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं कामही त्या करायच्या. या भोकांमध्ये कॅमेऱ्याचे दाते अडकतात आणि फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ फ्रेम बसतात. मुलांना गुणाकार करायला लावा, उत्तर येईल ५९,२००! मूकपटात सेकंदाला साधारण १६ फ्रेम सरकत. बोलपटात २४ झाल्या, आपल्या टीव्हीवर २५, तर मोबाईलवर बहुधा ३० किंवा ६०. हेच 'एफपीएस', म्हणजे फ्रेम्स पर सेकंद.

बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

उपक्रम : वर्गात कुंडीत हरभरा पेरा. रोज एकाच जागेवरून एक फोटो काढा. महिन्याने सगळे फोटो भराभर सरकवून दाखवा. 'फ्रेम' म्हणजे काय, हे मग मुलंच तुम्हाला सांगतील.