इंटरनेटचा पहिला एक्स्टर्नल : जॉन पोस्टेल

प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल येणार म्हटलं की हॉस्टेलवर काय वातावरण असतं, हे मी सांगायला नको. आपला प्रोग्रॅम आपल्याच पीसीवर, आपणच ठरवलेल्या इनपुटवर छान चालतो. एक्स्टर्नल भलतंच इनपुट देतात आणि मग खरं काय ते कळतं. नेटवर्किंगच्या कोडला अशी बाहेरची परीक्षा लावण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो माणूस म्हणजे जॉन पोस्टेल. टीसीपी-आयपीचा चॅप्टर आपण घोकतो, पण हे नाव व्हायव्हात कोणी विचारत नाही.

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये तो शिकला. गंमत म्हणजे इंटरनेटच्या इतिहासातले स्टीव्ह क्रॉकर आणि विंट सर्फ हेही त्याच शाळेचे. पुढे यूसीएलएमधून त्याने १९६६ साली इंजिनीअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स आणि १९७४ मध्ये पीएच.डी. लांब दाढी, पायात सँडल, आणि सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकंती. ताडोबाच्या इतक्या जवळ राहून रविवारी झोपा काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची थोडी लाजच बाळगावी!

१९६९ मध्ये अर्पानेटचं पहिलं मशीन यूसीएलएत बसलं, तेव्हा पोस्टेल तिथे विद्यार्थी होता. २९ ऑक्टोबरला पहिला मेसेज पाठवताना दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं मशीन क्रॅश झालं. म्हणजे नेटवर्कची सुरुवातच फेल झालेल्या टेस्टने झाली. त्याच वर्षी क्रॉकरने आरएफसी नावाची टिपणं सुरू केली होती. नेटवर्कवर कोणी कसं बोलायचं, याचे नियम त्यात लिहिले जात. त्यांचं संपादन पोस्टेलकडे आलं आणि मरेपर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, त्याच्याकडेच राहिलं. आयपी, टीसीपी, ई-मेलचं एसएमटीपी यांच्या मूळ आरएफसींवर त्याचंच नाव आहे. कोणत्या कामाला कोणता नंबर द्यायचा, ती वहीसुद्धा त्याच्याकडेच. वहीवाला कारकून म्हणा हवं तर, पण अख्खं जग त्याच्या वहीवर चालायचं.

वेगवेगळी नेटवर्कं जोडायची तर सगळ्यांनी एकच भाषा बोलायला हवी. आपल्याकडे नागपूर-नागभीड लाइन २०१९ पर्यंत नॅरोगेज होती, आणि गोंदिया-बल्लारशाह ब्रॉडगेज. नागभीडला उतरून बोचकी घेऊन गाडी बदला! पॅकेटला मात्र अशी गाडी बदलता यावी, आणि ती बदलली हे प्रवाशाला कळूही नये, हे काम आयपीचं. पण नियम कागदावर लिहिणं वेगळं आणि चार जणांनी वेगवेगळ्या मशीनवर लिहिलेला कोड एकमेकांशी बोलणं वेगळं.

म्हणून पोस्टेल आणि मंडळींनी 'बेक-ऑफ' सुरू केले. ४ डिसेंबर १९७८ ला व्हर्जिनियात चार टीसीपींचं प्रात्यक्षिक झालं. मग २७-२८ जानेवारी १९७९ ला, चक्क शनिवार-रविवारी, पोस्टेलच्या मरीना डेल रे इथल्या आयएसआय संस्थेत सहा टीसीपी एकमेकांसमोर उभे राहिले. पुढे १९८७ साली हे सगळं आरएफसी १०२५ म्हणून छापलं गेलं. ते जरूर वाचा, बाप्पा, सरकारी कागद इतका मजेदार असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्यात बॉक्सिंगसारखे वजनगट आहेत. फेदरवेट म्हणजे स्वतःशीच बोलणं : कनेक्शन उघडलं की १ मार्क, डेटा गेला-आला की १, क्रॅश न होता बंद झालं की १. मिडलवेटमध्ये दुसऱ्याच्या टीसीपीशी बोलायचं, तिथे मार्क दुप्पट. हेवीवेटला 'कॅमिकाझे' पॅकेट सांभाळलं तर १० मार्क. या पॅकेटमध्ये जमतील तितके सगळे फ्लॅग एकदम चालू केलेले असतात, म्हणून त्याचं दुसरं नाव ख्रिसमस ट्री. नियमात बसणाऱ्या पॅकेटने समोरच्याला लोळवलं तर ३०, नियम मोडून लोळवलं तर २०. सगळ्यात छान सबबीला १० बोनस, आणि सगळ्यात कमी सबबी सांगणाऱ्याला २०! या टेस्टमध्ये दोघांचं जुळलं नाही, तर कधी कोड बदलायचा, कधी नियमच बदलायचा.

१९८२ मध्ये जुना प्रोटोकॉल दिवसभर बंद ठेवून लोकांना इशारा दिला गेला आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट कायमचं टीसीपी-आयपीवर गेलं. आपल्या देशाचं डॉट-इन १९८९ मध्ये याच पोस्टेलच्या वहीत नोंदलं गेलं, आणि ते सांभाळायला मिळालं मुंबईत जुहूच्या एनसीएसटीला.

आता एक गोष्ट मला खटकते. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने नावांचे रूट सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी आठ जणांना कळवलं, की यापुढे यादी माझ्या मशीनवरून घ्या. त्यांनी ऐकलं! अमेरिकन सरकार खवळलं. पोस्टेलचं म्हणणं, ही फक्त टेस्ट होती. काही दिवसांत सगळं पूर्ववत झालं आणि नेट वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. तरी चालू नेटवर्कवर, न सांगता टेस्ट करणं हे बेक-ऑफवाल्या माणसाला शोभणारं नव्हतं, असं मला वाटतं. १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत तो गेला. वय फक्त ५५. विंट सर्फने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, तो आरएफसी २४६८ म्हणूनच छापला गेला.

आज तो शनिवार-रविवारचा बेक-ऑफ रोबोट करतात. लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंगमध्ये कोणी बदल पाठवला, की प्रत्येक पॅच वेगळा लावून बिल्ड होतो, जीसीसीने आणि क्लँगनेही. आधी वॉर्निंग किती होत्या, आता किती, हे मोजलं जातं. दहा पॅचपैकी शेवटचा लागल्यावर बिल्ड झालं, एवढं पुरत नाही. मधला एखादा अडला तर पुढे बग शोधताना इतिहास निम्मा-निम्मा करत जाण्याची वाट तिथेच बंद होते. ६४ बिटवर चालणारं ३२ बिटवर अडतं, तेही तपासतात. पण बिल्ड म्हणजे फेदरवेटसुद्धा नाही, तो फक्त रिंगमध्ये यायचा पास. खरी कुस्ती नंतर : एकाच मशीनमध्ये दोन खोटी मशीनं उभी करून त्यांना बोलायला लावतात आणि मुद्दाम पॅकेट हरवतात, उशिरा पोचवतात.

पोस्टेलचा प्रसिद्ध नियम होता, की पाठवताना काटेकोर राहावं आणि घेताना उदार. २०२३ च्या आरएफसी ९४१३ ने यावर हरकत घेतली : घेणारा उदार झाला की पाठवणाऱ्याची चूक लपते आणि कायमची मुरते. मला हे पटतं. पण पॅकेट हरवण्याची टेस्ट कोणासाठी, हे आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा लवकर कळेल. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि तिथल्या मोबाईलवर रेंज येते-जाते. हरवलेलं पॅकेट परत पाठवणारा कोड बिघडला, तर मुंबईच्या फायबरवर कोणाला जाणवणार नाही. भामरागडच्या पोराचा परीक्षेचा फॉर्म मात्र सबमिट होणार नाही.