सत्तावीस वर्षांनी उघडलेली स्लाइड

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

सेमिनारला 'बायोमार्कर' हा विषय निव्वळ मार्कांसाठी घेतला होता. वाचता वाचता ह्युबर्ट हम्फ्री भेटले, आणि मार्क बाजूलाच राहिले.

हम्फ्री १९११ साली अमेरिकेतल्या साउथ डकोटात जन्मले. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. मंदीच्या काळात स्वतः फार्मासिस्ट होऊन ते त्याच दुकानात उभे राहिले. पुढे मिनिॲपोलिसचे मेयर झाले. १९४८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी असं भाषण ठोकलं, की दक्षिणेकडचे काही प्रतिनिधी उठून चालते झाले. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमधून पार करण्यात त्यांचा मोठा हात होता. १९६५ मध्ये ते उपाध्यक्ष झाले.

१९६७ मध्ये त्यांच्या लघवीत रक्त दिसलं. पेशी स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितल्या. संशय होता, पण तज्ज्ञांचं एकमत होईना. पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले आणि निक्सनकडून एक टक्क्याहून कमी मतांनी हरले. १९७१ मध्ये पुन्हा सिनेटवर आले. १९७६ पर्यंत कॅन्सर खोलवर गेला होता. मूत्राशय काढावं लागलं. १३ जानेवारी १९७८ ला ते गेले. वय ६६.

आता आपल्या कामाचा भाग. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६७ च्या जपून ठेवलेल्या पेशी तपासल्या. पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवल्या. पी-५३ हे जीन म्हणजे पेशीचा ब्रेक. १९७६ च्या गाठीत या ब्रेकचा जो बिघाड होता, अगदी तोच १९६७ च्या पेशींत निघाला. नऊ वर्षं आधी सिग्नल आलेला होता, तो वाचणारं यंत्र तेवढं नव्हतं.

पण कॅन्सर आहे हे कळणं वेगळं, तो पुढे किती उसळेल हे कळणं वेगळं. त्याच १९९४ मध्ये, पेशीच्या केंद्रकात पी-५३ चं प्रोटीन साठलं तर आजार उलटण्याचा धोका जास्त, असं एका अभ्यासात दिसलं. २०११ च्या मोठ्या चाचणीत मात्र ते टिकलं नाही. म्हणून आता एकाच जीनवर न थांबता, अनेक जीन्स किती चालू, किती बंद, म्हणजे त्यांचं एक्स्प्रेशन, एकत्र बघतात.

हे सगळं मी सेमिनारमध्ये धडाधड बोललो. एक गोष्ट तेवढी बोललो नाही. गेल्या मे महिन्यात काकांनी मला एकट्याला सांगितलं होतं, लघवी लाल होतेय, दुखत काही नाही. मी म्हटलं, उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी प्या. चार महिने ते तेच पीत राहिले. आता ऑपरेशन झालंय, दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते.

हम्फ्रींच्या वेळी यंत्र नव्हतं. माझ्याकडे निदान फोन तरी होता.