विश्लेषण : ‘स्वारातीम’मधले स्वामी कोण होते? हिप्परग्याच्या शाळेपासून नांदेडच्या विद्यापीठापर्यंत

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांत पदवी घेणाऱ्या बहुतेकांच्या प्रमाणपत्रावर एक लांबलचक नाव छापलेले असते : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. बातम्यांत त्याचे ‘स्वारातीम’ होते, पोरांच्या बोलण्यात ‘एसआरटी’. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयालाही लोक ‘स्वाराती’च म्हणतात. संक्षेपात माणूस हरवतो, तसे इथे झाले आहे. नुसते नाव ऐकून ते एखाद्या मठाचे अधिपती असावेत असे काहींना वाटते, तर काहींचा मध्ययुगातील संत रामानंदांशी घोळ होतो. प्रत्यक्षात हे स्वामी होते एक शाळामास्तर. शाळा चालवता चालवता ते निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते झाले आणि राज्य मुक्त झाल्यावर पुन्हा शाळा-महाविद्यालयांच्या कामाकडे वळले.

मूळ नाव काय, गाव कुठले?

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. म्हणजे ज्यांच्या नावाने मराठवाड्याचे विद्यापीठ उभे आहे त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातला. त्या काळी या पट्ट्यात कन्नड आणि मराठी एकाच घरात नांदत, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नसे.

शिक्षण सोलापुरात सुरू होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, त्याच वर्षी गांधीजींची असहकाराची हाक आली. सोळा-सतरा वर्षांच्या व्यंकटेशने सरकारी शाळा सोडली आणि आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचे ठरवले. त्या वयात असे निश्चय अनेकांनी केले होते आणि पुढे त्यांतले बरेच जण संसाराला लागले. खेडगीकरांनी मात्र तो पाळला. अमळनेरची राष्ट्रीय शाळा आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे त्यांनी शिक्षण पुरे केले. त्यानंतर काही काळ ते कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव होते. मुंबईतले कामगारांचे जग त्यांनी जवळून पाहिले ते याच काळात. पुढे निजामी राज्यातल्या जहागिरी आणि शेतकऱ्यांचे हाल यांकडे ते ज्या नजरेने पाहत, तिची मुळे इथे शोधता येतात.

मग आले हिप्परगा

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा हे लहानसे गाव. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये तिथे राष्ट्रीय शाळा काढली होती. ‘राष्ट्रीय शाळा’ म्हणजे सरकारी अनुदान नाही, सरकारी परीक्षांची बांधिलकी नाही, मातृभाषेतून शिक्षण आणि शिक्षक-विद्यार्थ्यांचे साधे, एकत्र राहणे. असहकाराच्या लाटेत देशभर अशा शाळा निघाल्या आणि लाट ओसरताच बहुतेक बंद पडल्या. हिप्परग्याची टिकली. तीही ब्रिटिश हद्दीत नव्हे, निजामाच्या राज्यात. खेडगीकर १९२९ च्या सुमारास तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना याच शाळेच्या कामात मिळाले.

शाळा काढणे एवढे अवघड का होते?

ही गोष्ट नीट समजून घेतली नाही तर स्वामीजींच्या आयुष्याचा अर्थच लागत नाही.

हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. राज्यकारभार आणि कोर्टकचेऱ्या मात्र उर्दूत चालत. खालच्या वर्गांत मराठी असली तरी वर जावे तसे शिक्षण उर्दू होत जाई. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा धाडसी प्रयोग केला. त्यासाठी शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. हा प्रयोग मोठा होता, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे. अडचण अशी की जो न्याय उर्दूला मिळाला तो मराठी, तेलुगू, कन्नडला नाकारला गेला. औराद किंवा देगलूरच्या शेतकऱ्याच्या पोराला पदवी हवी असेल तर आधी परकी लिपी, मग परके शहर. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांसाठी महाविद्यालय म्हणावे असे औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज तेवढे होते.

खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, आणि ती सहज मिळत नसे. सभा-संमेलनांवर ‘गस्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाचा पहारा होता. व्याख्यान असो वा वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम, पूर्वपरवानगी हवीच. अशा वातावरणात मराठी शाळा चालवणे हेच राजकारण ठरे. चालवणाऱ्याने राजकारण करायचे नाही असे कितीही ठरवले, तरी पोलीस पाटलाच्या नोंदीत त्याचे नाव गेलेच म्हणून समजा.

संन्यास कशासाठी?

हिप्परग्याला असतानाच खेडगीकरांनी स्वामी नारायणतीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. ‘तीर्थ’ हे आडनाव नव्हे. शंकराचार्यांच्या परंपरेतील दशनामी संन्याशांची जी दहा नामे आहेत, त्यांतले ते एक. नावाच्या यादीत त्यांना ‘त’ अक्षराखाली टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

संन्यास घेऊन ते हिमालयात गेले नाहीत. शाळेतच राहिले, नंतर तुरुंगात गेले, पुढे लोकसभेतही गेले. घरदार, मालमत्ता, नातीगोती यांचा पाश तोडला की सार्वजनिक कामासाठी माणूस पुरता मोकळा होतो, एवढाच व्यवहारी अर्थ त्यांच्या आयुष्यातून दिसतो. भगवी कफनी घालून हा माणूस धर्माच्या आधारावर चाललेल्या राजकारणाच्या कायम विरोधात राहिला. ज्या राज्यात राजा मुस्लिम आणि बहुसंख्य प्रजा हिंदू होती, तिथे ही भूमिका सोपी नव्हती.

खडू खाली का ठेवला?

हिप्परग्यानंतर स्वामीजी आणि सहकारी अंबाजोगाईला आले. सरकारदप्तरी तेव्हा त्या गावाचे नाव मोमिनाबाद. १९३५ मध्ये तिथे योगेश्वरी नूतन विद्यालय सुरू झाले. दोन-तीन वर्षांत शाळेचे नाव झाले. पण राज्यच असे असताना एकेक शाळा वाढवून किती दिवस पुरणार, हा प्रश्न उरलाच.

१९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, पुढचे लातूरला. मराठी भाषकांच्या शिक्षणाचे आणि नागरी हक्कांचे प्रश्न सनदशीर मार्गाने मांडणारी ही संघटना. स्वामीजी तिच्या कामात ओढले गेले आणि १९३८ मध्ये शाळा सोडून पूर्णवेळ राजकारणात आले. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनीही तुकडीसह सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. दोनच महिन्यांत, २४ डिसेंबरला, गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवला गेला. आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रह त्याच वेळी चालू असल्याने स्टेट काँग्रेसच्या मागण्यांना जातीय रंग चढत होता, हे त्यामागचे मुख्य कारण. अनेक कार्यकर्त्यांना तो निर्णय रुचला नव्हता.

याच दिवसांत उस्मानिया आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरील बंदीविरुद्ध संप केला. त्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक, आणि ते आयुष्यभर स्वामीजींना गुरुस्थानी मानत. एका विद्यापीठाने दार बंद केले आणि दुसऱ्याने उघडले म्हणून एक पिढी वाचली. विद्यापीठ कुठे आहे आणि कुणाचे आहे, याने काय फरक पडतो याचे याहून ढळढळीत उदाहरण मराठवाड्याच्या इतिहासात नाही.

मुक्तिसंग्रामात त्यांची भूमिका काय?

स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. संघटनेत मवाळ आणि जहाल असे दोन तट होते. निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती मिळाली तरी पुरे, असे मवाळांना वाटे. स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे तरुण सहकारी भारतात विलीनीकरणापेक्षा कमी काही मानायला तयार नव्हते. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ या मागणीसाठी पाळला गेला. देश स्वतंत्र झाला त्या १५ ऑगस्टच्या पहाटे स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर जैसे थे करार झाल्यावर ते सुटले, पण २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा पकडले गेले.

रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरच्या छावण्या, उमरीची बँक हे सारे त्यांच्या तुरुंगवासाच्या काळातले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, आणि स्वामीजींची सुटका झाली.

सत्ता आल्यावर काय झाले?

ते मंत्री झाले नाहीत. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबादचे मुख्यमंत्रिपद बी. रामकृष्ण राव यांच्याकडे गेले. स्वामीजी लोकसभेत होते, १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून. गोविंदभाईंसारखे जवळचे सहकारी दरम्यान काँग्रेस सोडून गेले होते. स्वामीजी राहिले. या फाटाफुटीने चळवळीची ताकद विरली, असे म्हणायला जागा आहे.

त्यांनी लावून धरलेला एक आग्रह मात्र तडीस गेला : हैदराबाद राज्याचे भाषावार त्रिभाजन. पंडित नेहरूंना हे संमिश्र राज्य मोडायचे नव्हते. स्वामीजींचे म्हणणे वेगळे होते. सामान्य माणसाच्या भाषेत कारभार आणि शिक्षण चालणार नसेल तर राजा गेला काय आणि राहिला काय, हा त्याचा आशय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. जे राज्य मुक्त करण्यासाठी त्यांनी उमेद घालवली ते नकाशावरून गेले. त्याबरोबर त्यांचे राजकीय घरही गेले, कारण ते तिन्ही भागांचे होते.

नांदेडशी संबंध कसा आला?

इथे पुन्हा शिक्षक पुढे येतो. १९५० मध्ये स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि तिचे पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद झाले. मुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत मराठवाड्याच्या दोन टोकांना दोन संस्था, दोघींच्या नावात ‘पीपल्स’. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद पुढे नरहर कुरुंदकरांनी भूषवले. आधी ज्याला हैदराबाद गाठावे लागे, तो नांदेडचा मुलगा आता सायकलवर कॉलेजात जाऊ लागला.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. स्वामीजींनी शेवटची वर्षे हैदराबादेत काढली, हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

मग वेगळे विद्यापीठ कशाला?

अंतर, हे साधे उत्तर. किनवटच्या विद्यार्थ्याला औरंगाबाद साडेतीनशे किलोमीटरहून जास्त पडते. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर दोन दिवस आणि एसटीचे भाडे. महाविद्यालये वाढली, एका विद्यापीठाला भार पेलेना. १४ जानेवारी १९९४ रोजी औरंगाबादच्या विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, त्यातून नांदेडचे विद्यापीठ वेगळे काढण्यात आले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. पहिले कुलगुरू झाले डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आणि ‘लातूर पॅटर्न’शी नाव जोडले गेलेले शिक्षक.

विष्णुपुरीच्या माळावरच्या परिसराला ‘ज्ञानतीर्थ’ नाव दिले गेले. लातूरजवळ पेठ येथे उपकेंद्र आणि किनवटला आदिवासी भागासाठी केंद्र काढले गेले, त्यामागे विद्यापीठच विद्यार्थ्याच्या दिशेने चार पावले नेण्याचा विचार होता. तो पुरता साधलेला नाही. लातूर आणि नांदेडमध्ये एसटीने तीन-साडेतीन तास जातात, आणि लातूरला स्वतंत्र विद्यापीठ हवे ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. मागणी करणाऱ्यांचा मुद्दा तोच आहे, जो १९९४ मध्ये नांदेडकर औरंगाबादसमोर मांडत होते आणि त्याच्याही आधी हिप्परग्याची शाळा हैदराबादसमोर : शिकण्यासाठी पोराने किती लांब जायचे?