बास्केटबॉलच्या जनकाच्याच नावावर पराभव जास्त का?

डॉ. जेम्स नाइस्मिथ यांचा जन्म १८६१ मध्ये कॅनडात झाला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शिकवताना, विद्यार्थ्यांना हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावे म्हणून, त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला. नियम होते फक्त १३.

१८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले आणि पुरुष संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. नऊ हंगामांत ५५ विजय, ६० पराभव! विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते या संघाचे एकमेव प्रशिक्षक. त्यांच्या लेखी जिंकण्यापेक्षा शरीर आणि स्वभाव घडणे मोठे होते.

१९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५२ मध्ये त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी कॅन्ससला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. आज तिथल्या क्रीडागृहाला शिष्याचे, तर आतल्या मैदानाला गुरूचे नाव आहे.